दोन बोटं माया

आत्या शिवायला बसली की आधी माया सोडायची. म्हणजे शिलाईच्या आत राखलेलं जादा कापड, पुढे उसवून कपडा मोठा करता यावा म्हणून. बाकीचे शिंपी एक बोट सोडत, ही दोन. माझा शाळेचा एकच झगा उसवत उसवत तीन वर्षं चालला. आई म्हणायची, हिने शिवलेलं फाटेल, पण आखूड होणार नाही. शाळेतून आले की मी तिच्या मशीनखालच्या चिंध्यांत बसून खायचे, आणि ती तोंडात टाचण्या धरून मला रागवायची. एक अक्षर कळायचं नाही. काय सुखाचे दिवस होते ते!

अठराव्या वर्षी हँडबॉलच्या सामन्यात उडी मारून उतरले आणि गुडघा आत वळला. लिगामेंट तुटलं, खेळ संपला. तेव्हापासून राग माझ्या नाकावर. पुढे मुलींची प्रशिक्षक झाले आणि तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच.

मग एका प्रयोगशाळेतला इंजिनिअर आमच्याकडे सेन्सर घेऊन आला. बटणाएवढे. गुडघ्याखाली पट्ट्यात बसवायचे. उडीनंतर गुडघा आत झुकला की शिट्टी वाजते, म्हणजे काही तुटायच्या आधीच मुलीची सवय मोडता येते. त्याचे तयार पट्टे आमच्या काटकुळ्या पोरींच्या पायांवरून घसरत. म्हटलं, घरचीच शिंपीण आहे की. सत्तरीच्या आत्याने चौदा पट्टे शिवून दिले.

आमची सगळ्यात उंच उडणारी पोरगी, तिला सगळे टोळ म्हणत. तिचा गुडघा आत जाताना मला डोळ्यांनी दिसायचा आणि सेन्सर गप्प. इंजिनिअर म्हणे, आकडे ठीक आहेत. शनिवारी सामना होता. तिच्या जागी मला मीच दिसत होते. शेवटी पट्टा उसवला. आत दोन बोटं माया, आणि सेन्सर नेमका त्या घडीवर. पायाला धड टेकतच नव्हता.

तशीच आत्याकडे गेले आणि नाही नाही ते बोलले. म्हटलं, तुझ्या मायेपायी पोरीचा गुडघा जाईल.

"वाढत्या अंगाची मुलगी," ती म्हणाली. "माया नको ठेवायला?"

मग बराच वेळ चष्मा पुसत राहिली. "तुझ्या गुडघ्याचा पट्टाही मीच शिवला होता. त्या दिवशी तो घसरून पोटरीवर आला होता. मी बघत होते."

तीस वर्षं ही बाई हे पोटात ठेवून बसली होती, आणि मी दर आठवड्याला तिच्याकडे चहा पीत नशिबाच्या नावाने बोटं मोडत होते. मग सांगितलं, कापडी पट्ट्याने लिगामेंट वाचत नसतं, घसरला काय नि न घसरला काय. चार वेळा सांगितलं. तिने मान हलवली. पटलं नव्हतं.

टोळला घेऊन ये म्हणाली. पायावरच माप घेऊन, अजिबात माया न सोडता पट्टा शिवला. मध्ये दोनदा थांबली, हात ऐकत नाही म्हणाली. शुक्रवारी पहिल्याच उडीला शिट्टी वाजली. टोळ सामन्याला बाकावर बसली, सहा आठवडे नुसतं उतरायला शिकली आणि माझ्याशी बोलली नाही. तो सामना आम्ही सपाटून हरलो. आता तिचा नववा हंगाम चालू आहे, दोन्ही गुडघे शाबूत.

आत्या जाऊन दोन वर्षं झाली. त्या पट्ट्यांनंतर तिने मला एक जाकीट शिवलं होतं, ते परवा पोटावर बसेना. स्वतःलाच शिव्या घालत उसवायला घेतलं. पन्नाशीच्या बाईला आणखी किती वाढायचं असतं? पण आत दोन बोटं माया होती. मला रडू आवरेना.

एकच बोट उसवलं. एक तसंच राहू दिलं.