क्षेत्रपालाचा राहिलेला निरोप

श्रीगजानन, आमचा कुलस्वामी आणि ज्या भूमीवर बसून ही अक्षरे लिहितो तिचा राखणदार क्षेत्रपाल, या तिघांना प्रथम वंदन. लेखनाचे निमित्त क्षमायाचनेचे आहे. माझ्या हातून एक अपराध घडला. तो चार लोकांसमोर मांडल्याखेरीज फिटणार नाही असे वाटले, म्हणून या सदराचा आश्रय घेतला.

आरंभीच सांगतो, भूत, करणी, झपाटणे यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. बारा वर्षे पाठशाळेत काढली, पुढे पन्नास वर्षे जुन्नर-आंबेगावात याज्ञिकी केली. मंत्रांवर श्रद्धा आहे. पण "काका, घरात काहीतरी आहे" असे कोणी म्हणाले, की मी त्याला आधी डॉक्टरकडे पाठवीत असे.

गेल्या माघातली गोष्ट. राजुरीच्या शिवारात, आळेफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत, प्रकाशने नवा बंगला बांधला होता. त्याच्या वडिलांचे लग्न मीच लावले होते. वडील आता नाहीत. आई ताराबाई आहेत. वास्तुशांतीला मला अवसरी खुर्दहून न्यायला गाडी आली.

वास्तुशांतीत क्षेत्रपालाला बली देतात. सुपात उडीद घातलेला भात, हळदकुंकू आणि कणकेचा दिवा, एवढेच असते. त्या जागेचा जो मूळ राखणदार, त्याला मंत्राने बोलवायचे, जेवू घालायचे आणि मंत्रानेच निरोप द्यायचा. मग सूप उंबऱ्याबाहेर न्यायचे, बांधावर ठेवायचे; नेणाऱ्याने मागे वळून पाहायचे नाही. घर आता नव्या माणसांचे आहे, हे जुन्या धन्याला मानाने सांगण्याची ही रीत आहे.

मी आवाहन केले, सूप मांडले... आणि प्रकाश आत आला.

"काका, अजून किती टाईम?"

"तासभर."

"तास? मंडपात पावणं ताटकळल्यात. सायेब बाराला येत्यात. जरा शॉर्टमधी घ्या की."

"हे शॉर्टमध्ये होत नाही, प्रकाश."

"मंग ऱ्हाऊ द्या. मोबाईलवर समदं मिळतंय आता. सूर बी तुमच्यापरीस बरा लागतोय त्याचा!"

दारातली मंडळी हसली. एक जण म्हणाला, "आन् मोबाईल दोनदा च्या मागत न्हाई!" आणखी हशा पिकला. प्रकाशने खरोखरच स्पीकर लावला. माझ्या तोंडचा मंत्र अर्धा असताना त्यावर दुसराच, कुठल्या तरी स्टुडिओतला, गुळगुळीत आवाज चढला.

मी उठलो. असा संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. उपरणे खांद्यावर टाकले आणि म्हणालो, "बोलावणे मी केले आहे. निरोप तुझ्या मोबाईलला द्यायला सांग."

ताराबाई दारापर्यंत आल्या. हात जोडून म्हणाल्या, "काका, त्ये सूप तसंच हाय. त्याचं काय करू?"

इथे माझा खरा अपराध आहे. त्या बाईंचा काही दोष नव्हता. निरोपाचा एक श्लोक म्हणायला मला अर्धे मिनिट पुरले असते. पण मी म्हणालो, "झाकून ठेवा. मी सांगेपर्यंत कोणी उचलायचे नाही." हे मी भक्तीने नव्हे, खुनशीपणाने बोललो. यांना अडकू दे, असा विचार मनात स्पष्ट होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरची पूजा केली. सगळे म्हणून झाले. शेवटी देवतांना निरोप देण्याचा श्लोक आला आणि गळा बंद झाला. कफ नव्हता, कळ नव्हती. कोणी आतून बोट ठेवावे तसा शब्द जागच्या जागी थांबला. पाणी प्यालो, पुन्हा म्हटले... तेच. इतर सगळी सूक्ते खणखणीत येत होती. फक्त तो एक श्लोक येत नव्हता. मंचरला घशाच्या डॉक्टरांनी कॅमेरा घालून पाहिले. "काका, तुमचा घसा तिशीतल्या माणसासारखा आहे," म्हणाले.

त्यानंतर जिथे जिथे पूजा सांगितली तिथे ती अर्धीच राहिली. आणि प्रत्येक वेळी त्या ठिकाणी पोचलो, की पाठीमागे कोणी तरी बसले आहे असे वाटे. जेवून झाले आहे, हात वाळला आहे, पण यजमान उठा म्हणत नाही, असा ताटकळलेला, संतापलेला पाहुणा जसा बसेल तसा. वळून पाहिले की भिंत. पण मानेवरचा तो नजरेचा रोख हलत नसे. मी देवघरात बसायला भिऊ लागलो. तीन आठवड्यांत लोकांनी मला बोलावणे सोडले.

बाविसाव्या दिवशी सकाळी प्रकाश दारात उभा राहिला. चपलाही काढल्या नाहीत.

"काय करून आलाय तुमी आमच्या घरात?"

"काय झाले?"

"आई उंबऱ्याभाईर पडत न्हाई. पडत न्हाई म्हंजे, पडताच येत न्हाई! घरात हिंडती-फिरती, उंबऱ्यापाशी गेली की पाय उचलत न्हाई. तिघांनी खुर्चीत घालून उचलली, तर भाईर येताच वरडली. पाय गुडघ्यापासनं काळंनिळं झालं. आत नेली, की बरं. डॉक्टर झालं, एक्स-रे झालं. ओतूरला मावशी शेवटच्या घटका मोजतीय, ताराला दावा म्हणतीय. आजउद्याचं हाय तिचं. आन् आई हितं उंबऱ्याशी बसून रडतीय." त्याचा आवाज चिरकला. "उसात बिबट्या फिरतोय, त्यो परवडला. त्यो दिसतो तरी! करणी केली आसंल तर सांगा, काका. सोडणार न्हाई मी तुमाला."

"करणी नाही," मी म्हणालो. "पण दोष माझा आहे. चल."

राजुरीला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते, ऊन चढले होते. उंबऱ्यात पाय ठेवताच मात्र पाठीमागचा तो रोख आता समोरून आला. कोपऱ्यात सूप होते, वर केळीचे पान.

"तुमी उचलू नगा म्हनला व्हता," ताराबाई म्हणाल्या. "म्या कुनाला हात लावू दिला न्हाई."

मी पान काढले. वाचकहो, शिजवलेला भात एकवीस दिवसांनी कसा दिसावा हे आपण जाणता. तो पांढरा होता. वास नव्हता, बुरशी नव्हती, एक मुंगी नव्हती. मी बोट लावले... भात ऊन होता. नुकता वाढल्यासारखा. प्रकाशनेही हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "आये, तू गरम केलास?" "न्हाई रं, पान बी काढलं न्हाई म्या."

मी साष्टांग नमस्कार घातला. अहंकाराने आपल्याला ताटावर बसवून गेलो, क्षमा असावी, असे संस्कृतात आणि मराठीतही म्हटले. कणकेचा नवा दिवा लावला. मग निरोपाचा श्लोक म्हणायला तोंड उघडले...

नाही आला. तीनदा प्रयत्न केला. खोलीतली हवा इतकी जड झाली की प्रकाश भिंतीला टेकला. "मोबाईल लावू का, काका?" तो खरोखर काकुळतीने म्हणाला. मी नकारार्थी मान हलवली. पन्नास वर्षांची विद्या हाताशी असून मी मुका बसलो होतो.

तेव्हा ताराबाई सरकत पुढे आल्या. सुपासमोर डोके टेकले आणि दारातल्या पाहुण्याशी बोलावे तशा बोलल्या, "बाबा, लई दिस बसवला तुला. पोराचं चुकलं, काकांचं चुकलं, घर म्हनून माजं बी चुकलं. जेवलास न्हवं? आता जा. रान तुजंच हाय. पुन्यांदा ये, तवा नीट वाढंन."

स्वर नाही, छंद नाही. पण माझ्या मानेवरचे ओझे त्या क्षणी उतरले.

त्यांनी सूप उचलले. उंबऱ्यापाशी क्षणभर थांबल्या, पाय उचलला आणि बाहेर पडल्या. बांधापर्यंत गेल्या, सूप ठेवले, मागे न पाहता परतल्या. अंगणात पाय धुतले, पण घरात आल्याच नाहीत. ओल्या पायांनी सरळ गाडीत बसल्या. "परकाश, चल. वतूर!"

दुपारी त्या बहिणीजवळ पोचल्या. बहिणीने ओळखले, हात धरला. संध्याकाळपर्यंत शुद्ध होती.

मी जाताना बांधावर डोकावलो. सुपातल्या भाताला बुरशी धरली होती, काळीकुट्ट, एकवीस दिवसांची.

या सगळ्याचा उलगडा मला आजही झालेला नाही. प्रकाशची आणि माझी बोलचाल नाही. त्याच्या मते मीच काहीतरी केले, आणि ते पूर्णपणे खोटे नाही. तो श्लोक मात्र मला परत मिळालेला नाही. आता कुठेही पूजा सांगितली, की शेवटी मी गप्प बसतो आणि घरातल्या सर्वांत वडील बाईला म्हणतो, "आई, पाहुण्यांना निरोप द्या." त्या आपापल्या बोलीत देतात. आणि देव जातात.

आपल्या घरी आलेला प्रत्येक पाहुणा, दिसणारा आणि न दिसणारा, तृप्त होऊन, मानाने निरोप घेऊन जावो. आपला उंबरा आतबाहेर मोकळा राहो, आपल्या माणसांना एकमेकांपर्यंत वेळेवर पोचता येवो. वाचणाऱ्याचे आणि त्याच्या कुटुंबाचे सदैव कल्याण असो.