विहिरीवर पास झालेला पंप

दिग्रसच्या नगरपालिकेत मी ओव्हरसिअर होतो, पण कच्चा. दर सहा महिन्यांनी मुदतवाढ मागायची आणि अध्यक्षांची मर्जी सांभाळायची. एकोणीसशे साठच्या आसपास गावाच्या सांडपाण्यासाठी पंप निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. गटारांचं सगळं पाणी बाजारामागच्या खड्ड्यात साचायचं. ते उपसून पलीकडच्या बंजारा तांड्याच्या वावरात द्यायचं आणि तिथे बैलांसाठी हिरवा चारा पिकवायचा, असं ठरलं होतं. अध्यक्षांनी बजावलं, "पंप चालला तं तुमी कायम. नाई चालला तं दुसरा मानूस पाहू."

माझं लग्न नुकतंच झालं होतं. कायम नोकरीची किंमत माझ्यापेक्षा सासरेबुवांना जास्त ठाऊक होती.

नमुन्याला दोन पंप आले. एक हिरवा, तुकतुकीत, बंद पंख्याचा. थोड्या तेलात भरपूर पाणी फेकणारा. दुसरा बोजड, रुंद तोंडाचा, उघड्या पात्यांचा. तेल पिणार जास्त आणि पाणी देणार कमी. मी हिरव्यावर भाळलो.

चाचणी खड्ड्यावरच घ्यायला हवी होती, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण नवं यंत्र पूजेशिवाय सुरू कसं करणार? अध्यक्ष म्हणाले, "गटाराकाठी नारळ कोन फोडन? माया हिरीवर चालवा." मलाही ते मनापासून पटलं. आमच्या घरातल्या तीन पिढ्या कचेरीतल्या, पाय धुतल्याशिवाय उंबरा न ओलांडणाऱ्या. मग हिरव्या पंपाला हळदकुंकू झालं, हार झाला. विहिरीच्या नितळ पाण्याची अशी धार उडाली की सभासदांनी टाळ्या वाजवल्या. मी उभ्या उभ्याच शिफारस लिहिली.

ज्यांच्या वावरात पाणी जायचं होतं, ते तांड्याचे म्हातारे प्रमुख, नायकही आले होते. त्यांच्या वाडवडिलांनी बैलांवर माल लादून मुलूख पालथा घातलेला. त्यांनी ओंजळभर पाणी पिऊन मिशा पुसल्या. "साहेब, पानी गोड हाय. पन माया वावरात हेच येनार हाय का?"

सगळे हसले. मला राग आला. "पंपाला काय कळतं, पाणी कुठलं ते?" मी फणकारलो.

"बैल घेतो तवा आमी त्याले मोकळा चालवून नाई पाहत, साहेब. बोजा लादून पाहतो."

ते बोलणं मला दुपारभर चावत राहिलं. शिफारस अजून माझ्या खिशातच होती. शेवटी अध्यक्षांकडे गेलो आणि म्हणालो, "माझं चुकलं. चाचणी खड्ड्यावर घेऊ." त्यांनी कपाळाला हात लावला, पण हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नायकांच्याच बंडीतून दोन्ही पंप खड्ड्यावर नेले. सभासद नाकाला धोतराचा सोगा लावून वाऱ्याच्या उलट्या अंगाला उभे राहिले. हिरवा पंप पाच मिनिटं ऐटीत चालला, मग घरघरला आणि पाणी थांबलं. उघडून पाहिलं तर आत जिनिंगमधल्या कापसाचा ओला लोळा, चिंध्या आणि कोणाचं तरी जानवं! तिथे आम्ही जानवंवाले तिघंच होतो. तिघांनीही गुपचूप खांदा चाचपून पाहिला.

बोजड पंपाने मात्र तसलंच सगळं गिळलं आणि वावरात नेऊन ओकलं. नायक खदखदून हसले. मला हसू फुटेना. माझ्या मुदतीचे पंधरा दिवस उरले होते.

तेवढ्यात एका सभासदाने विचारलंच, "मंग या ओव्हरसिअरचं काय करायचं? यानं तं चुकीचाच पंप पास केल्ता."

अध्यक्षांनी नाकावरचा सोगा काढला. "नवा मानूस आनला तं तोही पयले हिरीवरच जाईन. हा एक डाव जाऊन वापस आला. कायम करा याले."

त्या घाणीच्या काठावर मला रडू आलं. नाकाला रुमाल होता, म्हणून कोणाला दिसलं नाही.