कराची ते जोधपूर, सव्वादोन तास

रेशनच्या कचेरीत लागून मला महिनाही झाला नव्हता. सकाळी अंबरनाथहून यायचं, उल्हासनगरच्या कॅम्पातल्या बराकी फिरायच्या, खोलीपुढे उभं राहून यादीतली नावं वाचायची. ज्याचं नाव, तो दारात आला की खूण. शेरे दोनच: हजर आणि गैरहजर. एका नावापुढे मात्र माझ्या आधीच्या कारकुनानं दर यादीत तिसराच शेरा लिहिला होता: ‘वाटेवर’.

नाव एका खोलीतल्या म्हातारीच्या मुलाचं. फाळणीनंतर त्यानं आईला आणि बायकोला वाळवंटातल्या गाडीनं जोधपूरला पुढे पाठवलं. कराचीचं घर आवरून मागून विमानानं येतो, म्हणाला. जोधपूरहून दोघी या कॅम्पात आल्या. त्याला आता तीन वर्षं होत आली होती.

“बेटी, कराचीहून जोधपूर विमानानं किती?” म्हातारीनं मला विचारलं.

“लांब आहे, अम्मा,” शेजारीण पापड लाटता लाटता परस्पर म्हणाली.

“वर रस्ता नाही, खुणा नाहीत. चुकत असेल,” म्हातारी म्हणाली.

“बाजारात गेला तरी संध्याकाळ करणारा माणूस तो. येईल.”

म्हातारी हसली.

मला अर्धवट उत्तर खपत नाही. दुसऱ्या दिवशी घरातलं नकाशांचं पुस्तक घेऊन गेले. दोरा कराचीवर धरला, जोधपूरपर्यंत ताणला, खालच्या मापावर ठेवला. पावणेचारशे मैलांच्या थोडं वर. विमानाचा वेग कचेरीत विचारून ठेवला होता. भागाकार तिच्यासमोरच केला.

“सव्वादोन तास, अम्मा. फार तर अडीच.”

लाटणं थांबलं. सून चुलीपाशी होती, तिनं मान वर केली नाही.

“आणि दिवस किती?”

“दिवस नाही, अम्मा. तासच.”

तिनं दोरा माझ्या हातातून घेतला, दोन बोटांत धरून बघत राहिली. मग सुनेला सिंधीत काहीतरी म्हणाली. सुनेनं कोपऱ्यातली झाकलेली थाळी उघडली. त्यातली रोटी मोडून दोघींनी खाल्ली. ती थाळी रोज कुणासाठी वाढली जायची, ते मला तेव्हा कळलं.

शेजारीण माझ्यामागून बाहेर आली. “बाई, एवढा हिशेब सगळ्या बराकीला येतो,” ती हळूच म्हणाली.

पुढच्या यादीच्या दिवशी म्हातारी स्वतःच दारात आली. “त्याचं नाव काट,” म्हणाली. मी पट्टी लावून रेघ मारली.

त्यानंतर तिनं अंतर कधी विचारलं नाही. चहा घे, एवढंच म्हणायची. त्या खोलीची दोन नावं उरली. दुसरं नाव वाचून झालं की माझी नजर उगाच दाराबाहेर, बराकींमधल्या वाटेकडे जायची. वाट रिकामी असायची. मान वळवली की दिसायचं, म्हातारीही तिकडेच बघतेय.