इत्तयच्या तीन ताली

खास्द्यांनी, म्हणजे बाबेलच्या फौजेनं, इत्तयला नेलं नाही ते त्याच्या डाव्या पायामुळं. जन्मल्यापासून तो पाय आत वळलेला. यरुशलेम पडलं त्या उन्हाळ्यात आमच्या डोंगरातल्या गावागावांतून माणसं गोळा करून मिस्पाच्या वाटेवर रांगेत उभी केली, त्यात इत्तय होता, पंचविशीचा, आणि त्याच्या पुढं त्याचा थोरला भाऊ. लोहार एकीकडं, सुतार एकीकडं, गवंडी एकीकडं. मेंढरं निवडावीत तसं चाललेलं. खास्द्यांच्या मुकादमानं इत्तयला चार पावलं चालून दाखवायला सांगितलं. तो चालला. मुकादम हसला आणि काठीनं त्याला रांगेबाहेर ढकलून दिलं. भावानं एकदा मागं वळून बघितलं. त्या भावाची खबर पुढं कधी आली नाही.

हे इत्तय स्वतः सांगायचा. "बाजारात मला कुणी घेतलं न्हाई बघ," म्हणायचा, "म्हणून मी हितं हाय."

मी त्याचा शेजारी. माझी बाग ओढ्याच्या अलीकडं, त्याची पलीकडं. मी जन्मलो तो खास्दी येऊन गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, त्यामुळं सुरुवातीचं ऐकीव आहे. शेवटचं मात्र मी बघितलं. नुसतं बघितलं नाही, कुदळ माझ्याच हातात होती.

मागं उरलेल्या फाटक्या माणसांना खास्द्यांनी ओसाड बागा वाटून दिल्या. दया म्हणून नव्हे. बाग पडीक पडली तर सुभ्यात द्राक्षारसाचे रांजण कोण भरणार? इत्तयच्या वाट्याला मल्कीयाची बाग आली. मल्कीया आमच्या गावचा सगळ्यात मोठा मालक. तो साखळीत बाबेलला गेला. त्याच्याच बागेत इत्तयच्या बापानं जन्मभर मजुरी केलेली, आणि कोयती धरायला इत्तय तिथंच शिकलेला.

बागेच्या खालच्या हद्दीवर मल्कीयाच्या आजानं लावलेला बदाम होता. तो सैन्यानं सरपणाला तोडला. पहिल्या थंडीत घरात जाळायला काही नव्हतं, तेव्हा इत्तयनं त्याचा बुंधाही मुळासकट खणून काढला आणि जाळला. खड्डा तसाच राहिला.

त्याच थंडीच्या तोंडाला मिस्पात खास्द्यांनी नेमलेल्या सुभेदाराचा खून झाला. आता बाबेलचा राजा सगळ्यांना कापणार, असं म्हणत माणसं मिसरच्या वाटेला लागली. इत्तयची बायको तिम्ना, तिनं गाठोडं बांधून दारात ठेवलं. इत्तय म्हणाला, "छाटणी व्हऊ दे. आत्ता सोडली तर वर्ष गेलं." गाठोडं दारातच राहिलं. छाटणी झाली आणि पाठोपाठ गावात ताप आला. थोरला हेल्दाय चार वर्षांचा, धाकटी नोआ दोनची. नऊ दिवसांत दोन्ही गेली.

मोठ्या घरांना खडकात कोरलेल्या कबरी असतात, पिढ्यान् पिढ्यांची हाडं एकाच जागी. मजुराच्या पोराला कोण कोरून देणार? इत्तयनं मान फुटलेला एक रांजण घेतला, दोघांना त्यात ठेवलं, आणि जमीन उकरायला अंगात जीव नव्हता म्हणून बदामाच्या त्या तयार खड्ड्यात पुरलं. वर दगडांचा ढीग घातला. जक्कूर नावाचा शेजारचा पोरगेला गडी तेवढा सोबत होता.

त्यानंतर वीस वर्षं इत्तय आणि तिम्ना यांनी ढिगाखालचा उघडा उतार बांधला. दगड फोडायचे, ताल रचायची, म्हणजे उतारावर दगडांचा आडवा बांध, मग ओढ्यातला गाळ पाट्यांनी वर नेऊन तालीमागं भरायचा. त्या वळलेल्या पायानं. एक ताल भरायला सहा-सात पावसाळे. अशा तीन ताली. मधल्या तालीच्या वेळी त्यांना पोरगी झाली, अत्तारा. सगळ्यांत खाली, झोपडीपाशी, तिम्नानं बदाम लावला. तो वाढला, फुलू लागला, म्हातारा झाला.

ती दोघं बोलायची कमी. पण एकाच पाटीची दोन्ही टोकं धरून चालायची, तेव्हा त्यांचं पाऊल जुळायचं.

मग बाबेल पडलं. पारसच्या राजानं दवंडी पिटवली की ज्याला जायचं त्यानं आपल्या गावी जावं, आणि आमच्याकडं माणसं परत येऊ लागली. परत म्हणायचं एवढंच, त्यांतल्या निम्म्यांहून अधिकांनी हा डोंगर डोळ्यांनी बघितला नव्हता. मल्कीयाचा नातू रफायाह आला तो पस्तिशीचा, दोन गाढवं, बायको, आणि एका गाढवावर शिवलेल्या कातड्यात बापाची हाडं. घराण्याच्या कबरीत ठेवायला आणलेली, चार महिन्यांच्या वाटेवरून. माणूस वाईट नव्हता. आमचीच भाषा बोलायचा, पण नदीकाठच्या लोकांसारखी ओढून. बाग बघायला आला आणि वेलीच्या खालच्या काड्या मुळापासून साफ करायला निघाला, खजुराचे झाप काढतात तसा.

"दादा, थांबा," अत्तारा म्हणाली, "ती वेल हाय. तिच्यावर चढायचं नस्तंय."

तो ओशाळून हसला. "आम्हांस हे शिकावे लागेल."

वरच्या बागेवरून भांडण झालं नाही. परत आलेल्यांचं म्हणणं, पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ घराण्याकडे जाते, आणि हे पन्नासावं. इत्तय म्हणाला, "वरचं तुमचंच. माझ्या बापानं तुमच्या आजाच्या हातची भाकर खाल्ली. उद्या हवाली करतो. खालच्या तीन ताली तेवढ्या माझ्या."

रफायाहनं खाली झोपडीकडं बघितलं. मग म्हणाला, "बदामापर्यंत आमची हद्द आहे."

सुगीला दोनच दिवस होते. काढणी कुणी करायची ते ठरायला हवं म्हणून गावची वडील मंडळी वेशीत बसली. मधोमध अज्जूरबाबा. शेजारी परत आलेल्यांबरोबरचा याजक, म्हणजे देवळातला पुजारी, पांढऱ्या कपड्यांना धूळ लागू नये म्हणून चटईवर.

रफायाहला बोलायला सांगितलं, तर तो उभा राहिला आणि त्यानं डोळे मिटले. फुटक्या कड्यापासून हौदापर्यंत, हौदापासून खडकातल्या टाक्यापर्यंत, टाक्यापासून खाली सरळ बदामापर्यंत, बदामाला उजवं घालून परत कड्याला. एका दमात, लहान पोरानं पाठ म्हणावा तसं. बाबेलात, कालव्याच्या काठी, चिखलाच्या घरात, त्याच्या बापानं त्याला रोज जेवणाआधी हे म्हणायला लावलं होतं. न बघितलेल्या बागेची हद्द. वेशीतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. 

आणि खाली बदाम तर उभा होता. सगळ्या गावाला दिसत होता, झोपडीपाशी. त्याच्या वर तीन ताली.

"त्यो बदाम त्यो न्हवं," इत्तय म्हणाला. "त्यो माझ्या बायकूनं लावलाय. जुना वर व्हता, दगडाच्या ढिगापाशी. खास्द्यांनी तोडला."

"कुणी बघितलाय?" अज्जूरबाबानं विचारलं.

मागनं जक्कूर काठी आपटत पुढं आला. आता सत्तरीकडं झुकलेला, दोन्ही डोळे गेलेले. "म्या बघितलाय."

कुणीतरी फिदकन हसलं. "आंधळ्यानं काय बघितलं?"

"तवा व्हतं मला डोळं. आता ज्यांना हायती त्यांना काय दिसतंय त्ये तुमीच सांगा." मग तो वडीलधाऱ्यांकडं, म्हणजे आवाजांच्या अंदाजानं, वळला. "बदामाच्या खड्ड्यात ह्यानं आपली दोन लेकरं ठिवली. फुटक्या रांजणात. रांजणाचं दुसरं टोक माझ्या हातात व्हतं."

अज्जूरबाबानं बाकीच्या वडील मंडळींशी कुजबुज केली. नियम आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, दोन साक्षीदार हवेत. इत्तय वादी, त्याचा शब्द धरत नाहीत. तिम्ना बाई, तिचाही नाही. तो जुना बदाम बघितलेलं दुसरं माणूस गावात उरलं नव्हतं.

"एक साक्ष झाली," अज्जूरबाबा म्हणाला. "दुसरी जमीन देईल. रांजण निघाला, तर बदाम तिथं होता. नाही निघाला, तर पाठात आहे ती हद्द खरी. उद्या सकाळी खणा." जरा थांबून खालच्या आवाजात म्हणाला, "न्हाईतर सोडून दे, इत्तय. तुझी मर्जी."

इत्तयबरोबर मी झोपडीपर्यंत गेलो. तिम्नाला सगळं आधीच कळलेलं होतं. ती दारात उभी होती.

"ताली जाऊ देत," ती म्हणाली.

"अत्तारा काय खाईल?"

"मजुरी करंल. तुमच्या बापानं केली."

"ईस वर्सं माती वाहिलीय आपण, तिम्ने."

"म्या बी वाहिलीय. मला सांगताय व्हय?" ती पुढं आली. "म्या कदी बोलले? पन्नास वर्सांत कदी तोंड उघडलं? गाठोडं बांधलं व्हतं मी. तवा बी तुमी वेलीच बघितल्या. आता लेकरांना वर काढून परत वेलीच बघणार?"

इत्तय खाली बसला. वळलेला पाय हातानं उचलून सरळ केला, दुखला की करायचा तसा. आतून अत्तारा बोलली, "बाबा, मला ताली नगं." पण तिच्या आवाजात ताली हव्या होत्या. चाळिशीची विधवा, दुसरं घर कुठलं असणार तिला? इत्तयनं ते ऐकलं. तिम्नानंही ऐकलं, आणि तिनं तोंड फिरवलं.

सकाळी सगळा गाव ढिगापाशी. याजक दूर, वरच्या बांधावर उभा. मेलेल्याच्या जवळ जाणं त्याला चालत नाही. तिथनंच तो ओरडून सांगत होता, "ज्याचा हाडांस स्पर्श होईल तो सात दिवस अशुद्ध! त्याने फळास हात लावू नये! तो ज्या झोपडीत जाईल..." आमच्याकडं आजवर कुणी इतकं धरत नव्हतं. पुरलं, हात धुतले, कामाला लागलो. आता यरुशलेमात वेदी पुन्हा उभी राहिली होती, पहिला रस तिकडं जाणार होता, आणि याजकानं विटाळलेला म्हटलेला रस कुणी घेतला नसता.

इत्तयला फार वेळ उभं राहवेना. त्यानं कुदळ माझ्या हातात दिली. दगड बाजूला काढायला अर्धी सकाळ गेली. खाली काळी माती, मग एक कुजलेलं मूळ, मनगटाएवढं. "बघा!" मी म्हणालो. रफायाहचा एक माणूस म्हणाला, मूळ कशाचंही असतं. पुन्हा खणलं. हातभर खाली कुदळ खापरावर वाजली.

तिम्ना तिथंच उभी होती. 

रांजणाची बाजू मोकळी केली. मान फुटलेली होती, तोंडावर चपटा दगड. अज्जूरबाबा म्हणाला, "आत काय हाय ते दिसलं पाहिजे. रिकामा रांजण कुणीही पुरतो." मी दगडाला हात घालणार, तोच इत्तयनं मला मागं सारलं. गुडघ्यांवर बसून त्यानं स्वतः दगड काढला आणि हात आत घातला. बराच वेळ हात आतच होता. मग त्यानं तळहात वर केला. एक कवटीचा तुकडा, वाडग्याच्या कडेएवढा, आणि दोन दात.

"बास," अज्जूरबाबा म्हणाला. "झाकून घे. ताली इत्तयच्या. हद्द इथं."

रफायाहचा चेहरा उतरला होता. जमीन गेली म्हणून नसावा. तो जवळ येऊ बघत होता, पण याजक वरून ओरडला, तशी त्याची पावलं थांबली. वरच्या बागेची काढणी आता त्यालाच करायची होती. त्यानं लांबूनच विचारलं, "ही हाडे हद्दीवर आहेत. तुमच्या बाजूस घ्याल का? उद्या मी इथे बांध घालणार."

"घेतो," इत्तय म्हणाला.

त्यानं आणि मी रांजण उचलला. तो खाली पहिल्या तालीच्या कोपऱ्यात, वेलींपासून दूर, पुरला. तिम्ना आली नाही.

मग सात दिवस. इत्तय अशुद्ध, मी अशुद्ध, आणि त्याच्यासोबत एका छपराखाली म्हणून अत्तारा आणि तिम्नाही. माझी बाग माझ्या भावानं काढून दिली. इत्तयच्या तालीत पाय घालायला कुणी तयार होईना. तिथं आता रांजण होता. घड पिकून फुटले. गांधीलमाशांचा घोंगाट ओढ्याच्या अलीकडं ऐकू यायचा. आंबूस वास साऱ्या उतारावर. इत्तय झोपडीच्या दारात बसून बघायचा. पाचव्या दिवशी मी बांधावरून हाक मारली तर म्हणाला, "वेली हायती ना. फुडच्या वर्साला धरतील."

आठव्या दिवशी अंघोळी करून ती तिघं तालीत शिरली. जे उरलं होतं ते काढलं, सहा पाट्या. दरवर्षी साठ निघायच्या. पाटी भरली की इत्तयनं एक टोक धरलं आणि सवयीनं दुसऱ्या टोकाकडं बघत थांबला. तिम्ना पुढच्या वेलीवर गेली. दुसरं टोक अत्तारानं धरलं.

इत्तय त्यानंतर तीन वर्षं जगला, तिम्ना सात. ताली अत्ताराच्या नावावर राहिल्या, अजून आहेत, द्राक्षं चांगली येतात. तिम्ना छाटणीला जायची, पाणी घालायची, काढणीत सगळ्यांच्या पुढं असायची. पण त्या तालींतला एक मणी तिनं मरेपर्यंत तोंडात घातला नाही, आणि नवऱ्याशी बोलली ती फक्त कामापुरतं: हे उचला, ते ठेवा, ऊन चढलं, सावलीत बसा.