बसली की नाही

माझी आत्या किल्ल्या करते. चपलांच्या दुकानाला खेटून जे अरुंद दुकान आहे, ते तिचं. लहानपणी आलेल्या तापात तिच्या पायांतली ताकद गेली, तेव्हापासून दोन कुबड्या आणि एक उंच स्टूल हाच तिचा संसार. लग्न का नाही केलंस, असं कुणी विचारलं की म्हणते, "सगळ्यांच्या घरांच्या किल्ल्या माझ्याच हातून जातात, आणखी एक घर कशाला?"

दुकानात तिचा एक नियम आहे. किल्ली कापून झाली की ती गिऱ्हाइकाच्या हातात देत म्हणते, "लावून बघा. नाही बसली तर परत आणा, लाजू नका." गिऱ्हाईक कुलूप सोबत घेऊन आलं असेल, तर ती स्वतः किल्ली फिरवते आणि खट् झालं की एकच शब्द बोलते, "बसली." त्याआधी कुणी कितीही कौतुक करो, हा शब्द तिच्या तोंडून निघत नाही.

यंदा तिचे खांदे कुरकुरायला लागले. डॉक्टर म्हणाले, "आयुष्यभर पायांचं काम खांद्यांनी केलंय. कुबड्या आणि स्टुलावरची चढउतर अशीच चालू ठेवलीत, तर हात वर उचलणं कठीण होईल. आता चाकाची खुर्ची घ्या." हात गेले म्हणजे कानस गेली, आणि कानस गेली म्हणजे दुकान गेलं. दुकान बंद झालं तर तू घरी बसून माझं डोकं खाशील, असं मी तिला तोंडावर सांगितलं. खरं तर मी घाबरले होते. दुकानाशिवायची आत्या मला डोळ्यांसमोर आणताच येत नव्हती.

अपंगांसाठीची साधनं मिळतात त्या केंद्रात आम्ही गेलो. गळ्यात टेप अडकवलेल्या एका हसऱ्या मुलीने मापं घेतली. आत्या ठेवणीतले कपडे घालून आली होती आणि फोटो काढायला बसल्यासारखी ताठ बसली होती. प्रत्येक प्रश्नाला "हो हो, छान" हे उत्तर ठरलेलं. खुर्ची आली तेव्हा त्या मुलीने विचारलं, "मावशी, नीट बसते ना खुर्ची?"

"खुर्ची कशाला बसेल? बसते ती मी!" आत्या म्हणाली. सगळे खो खो हसले आणि प्रश्न तिथेच राहिला. हसण्यात मीही होते.

आठवडाही झाला नसेल, आत्या पुन्हा स्टुलावर. खुर्ची कोपऱ्यात, आणि तिच्यावर जुन्या कुलपांचा डबा. मी भांडले, अबोला धरला, डॉक्टरांची भीती घातली. "होईल गं सवय हळूहळू," एवढंच ती म्हणायची आणि संध्याकाळी खांद्याला शेक घेत बसायची. मला वाटलं, म्हातारीचा नुसता हट्ट आहे.

मग एके दुपारी ती टेपवाली मुलगीच दुकानात हजर. केंद्रातल्या कपाटाची किल्ली वाकली होती, तशी दुसरी करून हवी होती. सोबत कपाटाचं कुलूपही आणलं होतं. तिला पाहिलं मात्र, आत्याचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला.

"काय मावशी, खुर्ची कशी आहे?"

"अगं, फार छान आहे. फारच सोयीची."

"दिसतंय. कुलपं आरामात बसलीत."

मला हसू फुटलं. आत्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी हसू गिळलं. ती मुलगी मात्र गंभीर झाली. म्हणाली, "किल्ली नाही बसली तर परत आणा, लाजू नका, असं तुम्हीच सांगता ना? मघाच्या गिऱ्हाइकाला सांगत होतात, ते मी दारातच ऐकलं. मग खुर्ची का नाही आणलीत परत?"

 आत्या कानशीशी चाळा करत म्हणाली, "तू एवढ्या मायेने मापं घेतलीस. नावं कशी ठेवायची? त्या खुर्चीत बसलं की काउंटर माझ्या हनुवटीला लागतो. आणि मी काही अशी ताठ बसत नाही गं. चारचौघांत वाकडं बसायचं कसं, म्हणून तेव्हा बसले होते."

"मग आता बसा वाकडं," मुलगी म्हणाली. "माझी किल्ली करा. मी बघते."

आत्या किल्ली कापायच्या यंत्रावर वाकली. डावं कोपर काउंटरवर, मान तिरकी, सगळा भार एका अंगावर. मुलीने आता कुठे टेप काढली. मापं घेताना विचारलं, "काउंटर कापून खाली घेऊ या का? ते लवकर होईल."

"नको," आत्या म्हणाली. "मग लोक वाकून बोलतील माझ्याशी, लहान मुलाशी बोलतात तसं. मला तोंडासमोर तोंड हवं."

मी इतकी वर्षं तिच्यासोबत राहते, पण हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं म्हणा.

काही दिवसांनी दुसरी खुर्ची आली. बटण दाबलं की बैठक वर चढायची, खुर्चीचा डावा हात बाजूला काढून ठेवता यायचा आणि त्या अंगाला एक उशी होती. मुलगी स्वतः घेऊन आली आणि काउंटरपलीकडे गिऱ्हाइकासारखी उभी राहिली. एका गिऱ्हाइकाचं कुलूप समोरच पडलं होतं. आत्याने बटण दाबलं, वर आली, डावं कोपर टेकवलं, कोरी किल्ली यंत्रात अडकवली.  मुलगी हळूच म्हणाली, "नाही जमलं तर सांगा हं मावशी. लाजू नका."

 आत्याने किल्ली पूर्ण कापली, कानस फिरवली, पितळेचा भुगा फुंकरीने उडवला. मग खांदे सैल सोडून म्हणाली, "बसली."

किल्ली अजून कुलपाला लावलीच नव्हती. माझा जीव भांड्यात पडला. मी ते स्टूल उचललं आणि शेजारच्या चपलांच्या दुकानात देऊन आले.