कूलरचं बटण

पोरीचा पहिला उन्हाळा म्हणून नवऱ्यानं पत्र्याचा कूलर आणला आणि दुसऱ्याच दिवसापासून आमच्या घरात चोर शिरला. दुपारी सगळे आडवे झाले, माझा डोळा लागला, की कूलर बंद. पोरीच्या किंकाळीनं जाग यायची. तिची पाठ, मान, काखा घामोळ्यांनी लाल. वीज गेली म्हणावं तर शेजारचा रेडिओ सुरू.

मी जात्याच संशयी. त्यात नागपूरचा नवतपा, मे अखेरचे ते नऊ भाजणारे दिवस, आणि पोटचं पोर रडतंय, मग संशयाला खतपाणी लागत नाही. पहिला नंबर सासूबाईंचा. कूलरच्या घरघरीत शेजारणीकडचं भांडण ऐकू येत नाही, ही त्यांची तक्रार होतीच. सासरे म्हणजे गरीब गाय. उमरेडकडचं वावर कोळशाच्या खाणीत गेल्यापासून आमच्याकडे राहायला आलेले, दिवसभर दारापुढच्या ओट्यावर तंबाखू मळत बसायचे. त्यांच्यावर कोण संशय घेणार?

मी सापळा लावला. घामोळ्यांची पावडर बटणावर फासून ठेवली. कूलर थांबला तशी उठले आणि एकेकाचे हात बघितले. सासूबाईंच्या बोटांना पीठ. सासऱ्यांच्या अंगठ्याला चुना. सगळेच पांढरे, आणि खात्रीची पावडर फक्त माझ्याच हाताला. म्हणजे चोर मीच!

शेवटी झोपेचं सोंग घेतलं. थोड्या वेळानं सासरे अनवाणी आत आले. पोरीकडे बघत जरा थांबले आणि बटण दाबलं.

"काहून बंद करता, मामाजी?"

ते दचकले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "वीज कायची बनते वं? कोळशाची. अन् कोळसा कुठचा? आपली आंब्याची झाडं तोडली, विहीर आटवली, तिथचा. थंड हवेसाठी आपणच जाळावं का ते?"

मला गलबलून यायला हवं होतं. आला तो रागच.

"वावर तं गेलं, मामाजी. पोरगी हाये ना अजून!"

दुसऱ्या दिवशी सासरे इतवारीच्या बाजारातून वाळ्याची ताटी घेऊन आले. ती बाहेरून खिडकीला बांधली, कूलर बंद केला आणि भर उन्हात उभे राहून दुपारभर तिच्यावर लोट्यानं पाणी मारत राहिले. बाहेरची तापलेली लू आत येता येता गार होऊ लागली, वाळ्याचा वास सुटला, पोर गाढ झोपली. माझा संशय मात्र जाईना. म्हातारा हे नातीसाठी करतोय की वावरासाठी? विचारायची हिंमत झाली नाही.

तिसऱ्या दुपारी बाहेर लोटा पडल्याचा आवाज आला. सासरे ओट्यावर कोसळले होते, अंग तव्यासारखं तापलेलं. सासूबाईंनी आणि मी त्यांना उचलून आत आणलं, कूलर लावून त्याच्यापुढे निजवलं. सासूबाई रडत रडत त्यांच्या तळपायांना कांद्याचा रस चोळत होत्या.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले. मी तोंडाशी पाणी धरलं, तर ते न घेता हात लांबवून भिंत चाचपू लागले. बटण शोधत होते. मी त्यांचा हात धरला. त्यांनी जोर लावला, पण अंगात त्राण नव्हतं. मग हात सैल सोडला, त्या गार वाऱ्याकडे पाठ केली आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले.