बेबीआत्याचे कॅम

बेबीआत्याला साधा पंखा घ्यायचा तरी अख्खा उन्हाळा जायचा. ती दुकानात बघून यायची, नवे पंखे लावलेल्या घरांत जाऊन त्यांच्याखाली बसून यायची, आणि तोवर पाऊस लागायचा. मग म्हणायची, "बघ, गरजच नव्हती." रत्नागिरीत मांडवीला आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची आणि एसटीच्या डेपोत स्पेअर पार्टचं स्टोअर सांभाळायची. डेपोत तिला मॅडम म्हणत, आळीत बेबीआत्या. आई "आमच्या वन्सं" म्हणायची आणि पुढे काही बोलायची नाही, त्यात सगळं आलं.

या बाईने एक प्रचंड परदेशी मोटरसायकल मात्र एका सकाळीत विकत घेतली. मांडवीतलाच एक बोटीवरचा इंजिनिअर कायमचा बाहेर चालला होता, त्याची. त्यासाठी आत्याने वाटणीला आलेली हापूसची कलमं विकली. बाबा महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. आई म्हणाली, "अहो वन्सं, लोक कलमं विकून फ्लॅट घेतात."

"फ्लॅट कुठे घेऊन जातो का, वहिनी?" आत्या म्हणाली.

ती गाडी लांबच्या प्रवासासाठी बनवलेली होती. मागचं सीट सोफ्यासारखं रुंद, पाठीला टेकायला उशी. आठवीपासून ते सीट माझं होतं. मी इंग्लिश मीडियमची. घरात मराठी बोलते, पण चारचौघांत कोणी काही विचारलं की दोन्ही भाषा एकदम जातात. आत्याच्या मागे बसलं की कोणी काही विचारत नसे. गणपतीपुळे, राजापूर, एकदा तर थेट कोल्हापूर, मी तिच्या पाठीआडून बघितलं. तीही गाडीवर बोलायची नाही. फक्त चढ लागला की डावा हात मागे करून माझ्या गुडघ्यावर एक थाप मारायची. धरून बस, एवढाच अर्थ. मला ती थाप शाळेतल्या कुठल्याही बक्षिसापेक्षा मोठी वाटायची.

कॅमचा प्रश्न निघाला तो बाबूभाईंमुळे. बाबूभाई बरीच वर्षं कुवेतला मोठ्या गाड्यांवर काम करून परत आलेले. त्यांनी इंजिनाला कान लावला आणि म्हणाले, "मॅडम, आतली चेन ताणून धरणारा तुकडा झिजला. तो बदलायला उघडावं लागणारच. उघडतोच आहोत, तर कॅमपण नवे टाकून घ्या."

आत्याने घरी येऊन मला चहाच्या चमच्याने समजावलं. कॅम म्हणजे इंजिनाच्या पोटात फिरणारी दांडी. तिच्यावर उंचवटे असतात. त्या उंचवट्यांच्या आकारावर व्हॉल्व्ह किती उघडायचे आणि किती वेळ उघडे राहायचे ते ठरतं. एका जातीचे कॅम घातले की गाडी हळू चालत असतानाच भरपूर जोर देते, म्हणजे मागे माणूस, सामान, पुढे घाट, तरी कुरकुर नाही. दुसऱ्या जातीचे घातले की खालचा जोर जातो, पण हायवेवर इंजिन पळायला लागलं की गाडी सुटते ती सुटतेच. ते एकट्याने पळवणाऱ्यांचे कॅम. आणि तिसरी वाट म्हणजे आहेत ते राहू द्यायचे.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? मतं घ्यायची," आत्या म्हणाली.

मतं घेणं हा तिचा आवडता उद्योग होता. माणसाला पडवीत बसवायचं, घावणे आणि नारळाचा रस पुढे करायचा आणि "आता मत दे" म्हणायचं. पण या बाबतीत रत्नागिरीत मत देणारे मिळेनात. मत देणारे सगळे अमेरिकेत होते, इंटरनेटवर, आणि त्यांचं इंग्रजी आत्याला झेपत नव्हतं. ते मी वाचायचं आणि तिला मराठीत सांगायचं असं ठरलं. गणपती झाल्यापासून रोज संध्याकाळी मी पडवीतल्या झोपाळ्यावर बसून अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांची भांडणं मोठ्याने वाचत होते. आयुष्यात इतकं मी कधी बोलले नव्हते. कोणी लिहायचा, या कॅमने मी तरुण झालो. कोणी लिहायचा, बायको म्हणते आता तुझ्या मागे बसणार नाही. आत्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची.

"हा कुठला गो? सपाटीवरचा की डोंगरातला?"

सपाटीवरचा निघाला की ती हात झटकायची. "पुढचा घे. त्याला काय माहीत चढ?"

त्या संध्याकाळी माझ्या होत्या. त्यांत आफरीन आली.

आफरीन मिरकरवाड्याची. वडील मस्कतला. फार्मसी शिकत होती आणि स्वतःची मोटरसायकल स्वतः चालवत होती. पेट्रोल पंपावर तिने आत्याची गाडी बघितली आणि सरळ मागोमाग घरी आली. "तुमचीच का ही? बसून बघू?" आत्याने कधी कोणाला पुढच्या सीटवर बसू दिलं नव्हतं. हिला दिलं. आठवड्याभरात ती आत्याला "बेबीआपा" म्हणायला लागली. आमच्या घरात आत्याला नवीन नाव ठेवायचा अधिकार कोणी दिला, असा मला प्रश्न पडला. तो मी अर्थातच विचारला नाही.

झोपाळ्यावर ती माझ्या शेजारी बसायची आणि मी वाचत असताना मान वळवून पुढचं वाचून टाकायची. "आपा, हा अर्धा तास पाल्हाळ लावतोय. मुद्दा एवढाच, की कॅम बदला, मजा येते." आत्या हसायची. माझ्या वाचनाला ती कधी हसली नव्हती. मी म्हाताऱ्यांचं एकेक वाक्य जपून मराठीत आणायचे आणि ही त्यांना एका फुंकरीत उडवून लावायची. तिने एखादी वाईट गोष्ट केली असती तर फार सोपं गेलं असतं. पण ती माझ्यासाठी घरून नानकटाई आणायची आणि "तू काय शांत आहेस गं, मला शिकव ना" म्हणायची, तेही मनापासून.

तिचं मत पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. पळणारे कॅम. "आपा, नवीन हायवे झालाय. तुम्ही तुमच्या गाडीवर, मी माझ्या, गोव्यापर्यंत एका दमात. आत्ता तुमची ही म्हणजे डबल बैलाची गाडी." बोलता बोलता तिने माझ्याकडे बघितलंही नाही, पण हिशेब मला कळला होता. पळणारे कॅम म्हणजे मागचं सीट रिकामं. मी मान खाली घालून म्हटलं, "डोंगरातले सगळे ओढणाऱ्या कॅमबद्दल चांगलं लिहितात." एवढं एकच वाक्य मी पूर्ण हिवाळाभर वेगवेगळ्या संध्याकाळी बोलत राहिले.

या मतं घेण्यात आणखी एक गृहस्थ असत. शेट्ये सर. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, पत्नी बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली, गाव आंजर्ले, पण राहायला इथेच. ते पडवीच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून घावणे खायचे. त्यांना मत विचारलं की म्हणायचे, "मला सायकलही धड येत नाही. मी ऐकतो." मी त्यांच्याकडे कधी नीट बघितलंच नाही. माझं सगळं लक्ष झोपाळ्याच्या दुसऱ्या टोकावर होतं.

थंडीत आत्याने ठरवलं की मतं पुष्कळ झाली, आता चढ बघायचा. जुन्याच कॅमवर आंजर्ल्याला जायचं, कड्यावरच्या गणपतीचा चढ चढून बघायचा आणि काय कमी पडतंय ते समजून घ्यायचं. मी आत्याच्या मागे, सर आफरीनच्या मागे. सर हेल्मेट घालून दोन्ही हातांनी सीट धरून बसले होते. आफरीन त्यांना म्हणाली, "सर, डोळे उघडा, फुकटचा समुद्र दिसतोय."

चढाच्या पायथ्याशी आत्या थांबली. "सर, तुम्ही इकडे या. हिचं वजन काही नाही, मला मागे वजन हवंय." मी उतरले. हे शास्त्रीय काम आहे, सर म्हणजे एक पोतं आहेत, असं मी स्वतःला समजावलं आणि आफरीनच्या मागे बसले. पुढे आत्याची गाडी संथ वर चढत होती. एका वळणावर गाडी अडखळली, धापा टाकल्यासारखी. तिचा डावा हात मागे गेला आणि सरांच्या गुडघ्यावर एक थाप पडली. मी आफरीनचं जॅकेट इतकं घट्ट धरलं की ती ओरडली, "काय गं, पडत नाहीस!"

देवळापाशी आत्याने विचारलं, "सर, मत?"

सर हेल्मेट काढत म्हणाले, "त्या वळणावर तिला माझा भार झाला. बाकी छान."

दुपारी आम्ही सरांच्या घरी जेवलो. सुपारीच्या बागेत कौलारू घर, बाजूला एक मोकळी शेड. जेवणाआधी आत्या त्या शेडमध्ये उभी राहून छप्पर गळतंय का ते बघत होती. मला वाटलं, गाडी उन्हातून आत घ्यायची असेल. आतून सरांनी हाक मारली, "सुलभा, पानं मांडली." या नावाचं आमच्यात कोणी आहे, हे क्षणभर माझ्या लक्षातच आलं नाही. आत्याला तिच्या नावाने हाक मारलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. तेव्हाही मला राग आला तो आफरीनचाच. तिने पटकन जाऊन आत्याच्या शेजारचं पान धरलं होतं.

शिमग्याच्या आधी आत्याने निकाल दिला. ओढणारे कॅम.

"आपा!" आफरीनने कपाळावर हात मारला. "तुम्ही गाडीला म्हातारी केलीत. हायवेवर रिक्षावाले पुढे जातील तुमच्या."

"जाऊ देत. मागचं सीट मोकळं फिरवायला मी गाडी घेतली नव्हती."

त्या संध्याकाळी मी आफरीनला स्वतः उठून घावणे वाढले, दोनदा. जिंकलेल्या माणसाला उदार होता येतं. बाबूभाईंनी कॅम मागवले, इंजिन उघडलं, बसवलं, आणि गाडी सुरू केली तेव्हा पहिल्या आवाजातच कळलं. आधी ती खोकायची, आता ती घसा साफ करून बोलत होती. बाबूभाई म्हणाले, "मॅडम, आता भिंतीवर चढवा."

पहिली फेरी रविवारी होती. मी हेल्मेट घेऊन मागच्या दाराने गेले तर सर आधीच बसले होते. नवं हेल्मेट, बरोबर त्यांच्या मापाचं. आत्याने इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि मला तुळशीपाशी नेलं.

"सोनू, आम्ही लग्न करतोय. रजिस्टर. तुझ्या बाबाला आज सांगणार. आधी तुला सांगते."

माझ्या दोन्ही भाषा गेल्या. मराठी परत आली तशी मी म्हटलं, "कधी ठरलं?"

"ठरलं ते आता. विचार चालू होता गो, पाच-सहा वर्षं." मग म्हणाली, "ते चालवणार नाहीत आणि मी गाडी सोडणार नाही. राहायचं तिकडे आंजर्ल्याला. तो चढ रोजचा होणार. मला खात्री करून घ्यायची होती."

"मग मतं कशाला घेतलीस?"

"तुझं मत बरोबर होतं म्हणून तर धीर झाला," ती म्हणाली.

मी हसले. मला हसता येतं, चेहऱ्याला कोणी काही विचारू नये इतपत. आत गेले आणि हेल्मेट खुंटीला अडकवलं. एवढे महिने मी चुकीच्या मुलीवर डोळा ठेवून बसले होते. शेट्ये सर कोपऱ्यात बसून घावणे खात होते आणि मी, अमेरिकेतल्या एकेका डोंगराळ म्हाताऱ्याची साक्ष काढून, त्यांच्यासाठी सीट तयार करत होते.

लग्नानंतर चार दिवसांनी ते निघाले. आत्याने डेपोतून स्वेच्छेने निवृत्ती घेतली होती. मागच्या खोल्यांची किल्ली तिने आईच्या हातात दिली आणि आई, जी जन्मभर तिच्याबद्दल अर्धंच वाक्य बोलली होती, पदराने डोळे पुसत म्हणाली, "हळू जा हो, वन्सं." बाबांनी टायरची हवा दोनदा बघितली. आत्याने मला जवळ घेतलं. तिच्या जॅकेटला ग्रीस आणि चंदनाच्या पावडरचा वास होता. "दर महिन्याला ये," म्हणाली. मी हो म्हटलं. एसटीने जायचं म्हणजे, हे आम्हा दोघींनाही कळलं.

आफरीन फाटकापाशी उभी राहून उघड उघड रडत होती. मला तिचा तेवढाही हेवा वाटला, की हिला रडताही येतं.

गाडी आळीतून बाहेर पडली आणि समोरचा चढ चढू लागली. मागे पाठ टेकून सर, दोन्ही बाजूंना पेट्या, वर बांधलेली वळकटी. मी कान देऊन ऐकत होते. कुठे अडखळेल, कुठे दम लागेल. आवाज जराही बदलला नाही. वर वळणापर्यंत तोच एक भरदार सूर, मागे कोणी बसलंय हे जाणवतच नसल्यासारखा.

आफरीनने नाक पुसलं. "काय ओढतेय गं," ती म्हणाली. "तुझंच ऐकलं शेवटी आपांनी."

"हो," मी म्हटलं. "माझंच."